वहिवाट

सोळा वर्षं मी या काउंटीत
दुसऱ्यांचं बोलणं टंकते.
मोंटानात कुणाच्या जिभेवर कुलथे बसत नाही,
कधी कुल्टी होतं, कधी कोल्टर.
दुरुस्त करणं मी सोडून दिलं.

आजची सुनावणी शाळेच्या जिममध्ये,
बास्केटबॉलच्या कड्याखाली.
विषय सोडा क्रीकचा रस्ता.
नऊ मैल कच्चा, मग सरकारी रान,
म्हणजे कुणा एकाचं नाही, म्हणजे सगळ्यांचं.
गेल्या ऑक्टोबरात खालची जमीन एका कंपनीनं घेतली
आणि रस्त्याला फाटक आलं.
पितळी कुलूप. खांबांना नारिंगी रंग.
वर एक कॅमेरा, हरणांकडे बघत बसलेला.

रान तर मोकळंच आहे, वकील म्हणाला,
हेलिकॉप्टरनं जा, कोण अडवतंय?
मी टंकलं: हशा.
नंतर ते खोडलं. एकच माणूस हसला होता,
आणि तोही हसल्यासारखा नाही.

माझे मामा तलाठी. बांधावरची भांडणं
जेवायच्या ताटापर्यंत यायची त्यांच्या.
त्यांच्याकडचा एक शब्द माझ्याबरोबर इथवर आला:
वहिवाट. पायांनी कमावलेला हक्क.
इथे त्याला पाच शब्द लागतात,
शिवाय वकील.

पुरावे आणा म्हणून कळवलं होतं. लोकांनी आणले.
आयोना प्रुइटनं आणला
मांसाच्या पुडक्याचा मेणकागद, धुऊन घडी घातलेला,
त्यावर नवऱ्याचं तिरकं अक्षर:
एल्क, सोडा क्रीकच्या वर, नोव्हेंबर ९१.
मांस तेव्हाच संपलं. नवरा परवाच्या उन्हाळ्यात.
ब्रायर नावाच्या पोरानं वही आणली,
गळाला लागलेल्या एकेका ट्राउटची,
पाणी किती गार, माशी कुठली बांधली,
आणि शेवटच्या रकान्यात पानभर:
सोडला. सोडला. सोडला.

मग डेल्मर हॉगन. वय अठ्ठ्याहत्तर,
टोपी गुडघ्यावर, एक्केचाळीस हिवाळे त्या वाटेनं.

जुन्या मालकाला ओळखत होतात?
हो. टोलेफसन.
जाताना भेट व्हायची?
तो हात करायचा. मीही करायचो.
आणि परतताना?
शिकार झाली असली तर एक फरा
त्याच्या पायरीवर ठेवायचो.
का?
का म्हणजे?

वकील अगदी मऊ आवाजात म्हणाला,
म्हणजे ही परवानगी होती, मिस्टर हॉगन.
हात केला, तो होकार.
फरा दिला, ते भाडं.
विचारून गेलेल्या वाटेवर हक्क कसला?

माझी बोटं थांबली.
तारा तोडून गेला असता हा माणूस,
शिव्या देत, टोलेफसनच्या कुत्र्यावर दगड भिरकावत,
तर आज रस्ता त्याचा असता.
एक्केचाळीस वर्षांचं चांगलं वागणं
उलटून त्याच्याच अंगावर आलं.
जिममधल्या घड्याळाला चेंडू लागू नये म्हणून पिंजरा आहे,
त्यातला काटा दोनदा सरकला.
गप्प बसण्यासाठी माझ्या यंत्रात कळ नाही.

शेवटी डेल्मर म्हणाला,
त्यानं हात केला नसता तरी गेलोच असतो.
केला, म्हणून जाताना बरं वाटायचं.

एवढंच. मी ते जसंच्या तसं घेतलं,
स्वल्पविरामासकट.

निकाल सहा आठवड्यांनी.
खुर्च्या मिटल्या, कुणी कॉफीची किटली धुतली,
आयोनानं कागद परत मागितला,
तो आता पुरावा क्रमांक बारा, मिळणार नाही.

बाहेर चिखलात वकिलाची गाडी मागे येत होती.
डेल्मर बाजूला झाला
आणि सवयीनं त्यानं हात केला.
काचेआडून वकिलानंही केला.
मग दोघांचेही हात
तिथेच, अर्ध्यावर, थबकले.

हे नोंदीत नाही.
यंत्र तोवर मी पेटीत ठेवलं होतं.